आत्याच्या कुत्र्याचे कांदेपोहे

माणूस बघताक्षणी ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या परळमध्ये कुणी नाही! ही बढाई नव्हे. एका विमा कंपनीच्या भरती विभागात मी सतरा वर्षं उमेदवार निवडतोय. खुर्ची कशी ओढतो यावरून माणूस किती टिकेल ते मी सांगू शकतो. आता आमच्याकडे सहा महिन्यांवर कुणी टिकत नाही, पण तो दोष कॅन्टीनचा आहे.

त्यामुळे ललिताआत्यासाठी कुत्रा निवडायचा विषय निघाला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "हे काम माझ्यावर सोडा!"

"म्हणूनच काळजी वाटते," वैदेही म्हणाली. ही माझी बायको. तिची निवड मात्र माझ्या आईने केली होती.

आत्या भोईवाड्यात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. चौतीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती. गेल्या महिन्यात मोरीत तिचा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. झालं! तिचा मुलगा अजित पुण्याहून फोनवर गरजला, "आई, आता एकटी राहायचं नाही. पंधरा दिवसांनी रविवारी येतोय. सोबतीची काही सोय दिसली तर ठीक, नाहीतर बॅग भरून ठेव!"

आत्या कुणाला घाबरणाऱ्यातली नाही. भलेभले डॉक्टर तिला टरकून असायचे. पण त्या दिवशी मला फोन केला तेव्हा तिचा आवाज एवढासा झाला होता.

"अवधूत, वाकडला अजितच्या बाराव्या मजल्यावर मी काय करू रे? लिफ्टशी गप्पा मारू? मला नाही हलायचं इथून."

मला कसंतरीच झालं. शाळेत असताना मे महिन्याची प्रत्येक सुट्टी मी तिच्याकडे काढली आहे. शिवाय माझ्या ऑफिसच्या एकोणिसाव्या मजल्यावरून तिच्या चाळीची कौलं दिसतात. चालत बारा मिनिटं. तरी दिवाळीनंतर मी एकदाही गेलो नव्हतो. म्हणजे वेळच मिळत नव्हता. म्हणजे... असो.

"आत्या, कुत्रा!" मी ओरडलो.

"कुठे?"

"अगं, पाळायचा! सोबतही होईल आणि राखणही."

ती म्हणाली, "मी निवडणार. आणि रीतसर बघून. आधी आणून गळ्यात मारायचा नाही."

रीतसर म्हणजे काय, हे मला पुढच्या रविवारी कळलं. खोलीत धुतलेली चादर, आत्या इस्त्रीच्या साडीत, आणि गॅसवर कांदेपोहे! शेजारचे मालवणी शामराव बोलणी करायला वडीलधारे म्हणून खुर्चीत विराजमान. बाकीची चाळ गॅलरीत दाटीवाटीने उभी. उमेदवारांचे बायोडेटा मी फाइलला लावून आणले होते. जन्मतारीख, वजन, लसी, आवडीनिवडी, आधीचं घर का सोडलं.

पहिला आला मोदक. लॅब्रॅडॉर, वजन छत्तीस किलो. त्याचा मालक दीपक कायमचा परदेशी निघाला होता.

"ह्येचो गाव खंयचो?" शामरावांनी सुरुवात केली.

"मूळचे कॅनडाकडचे असतात हो," दीपक म्हणाला.

"म्हणजे मासे खाता?"

मोदकने उत्तरादाखल सगळ्यांचे पोहे खाल्ले. बश्यासुद्धा चाटूनपुसून ठेवल्या.

दुसरी प्रिन्सेस. पांढरीशुभ्र पॉमेरेनियन. तिच्या नम्रताबाई तिला साडीच्या पदरात घेऊन आल्या. सूनबाईंना केसांची अ‍ॅलर्जी होती म्हणे. प्रिन्सेस आली तशी शामरावांच्या मांडीवर जाऊन बसली आणि इतर सगळ्यांवर भुंकत राहिली. तिसरा उमेदवार चाळीचा जिना बघूनच परत गेला.

आता खरी चूक इथे झाली. तोंडावर नकार द्यायचा नाही, हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. "कळवतो" म्हणायचं आणि मग फोन उचलायचा नाही. पण दीपकच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादा, पसंत आहे ना नक्की?" मी विरघळलो. "पसंत म्हणजे काय! रविवारी अकराला घेऊन या." नम्रताबाईंनीही तेच विचारलं. मीही तेच सांगितलं! म्हटलं, आठवडाभरात आत्या एकाला निवडेल, दुसऱ्याला कळवून टाकू.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर गेलो. "आत्या, ठरलं?"

"घाई काय आहे? बस. घावणे केलेत."

मंगळवारी आंबोळ्या होत्या. बुधवारी तिने माझ्या लहानपणीचा मांजा गुंडाळलेला डबा काढला आणि आम्ही दोन तास कुत्रा सोडून बाकी सगळ्यावर बोललो. गुरुवारी वडे होते. शुक्रवारी शामराव देवाला गाऱ्हाणं कसं घालतात ते दाखवत होते. शनिवारी मी विषय काढला, तर म्हणाली, "उद्याचं उद्या बघू." मजा येत होती हो! इतकी मजा की कळवायचं साफ राहून गेलं.

रविवार. अकरा वाजले. दीपक आणि मोदक एका जिन्याने वर आले, नम्रताबाई आणि प्रिन्सेस दुसऱ्या जिन्याने. आणि पुढे कोण चाललंय याची कल्पना नसलेला, मोदकच्या मागोमाग रिकामी सूटकेस आणि बाकरवडीचं पुडकं घेऊन अजित!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अजित कुत्र्याला घाबरतो. सातवीत असताना भोईवाड्याच्या नाक्यावर एका कुत्र्याने त्याच्या हातातला वडापाव पळवला होता. तेव्हापासून तो कुत्र्याच्या चित्रालाही वळसा घालून जातो.

मोदकला बाकरवडीचा वास लागला. तो वळला. अजित त्याच्या बाजूने गॅलरीत पळाला. समोरून प्रिन्सेस भुंकत आली आणि तिने सूटकेसचा पट्टा दातात धरला. मध्ये सापडलेला अजित गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावर चढला. झाकण प्लॅस्टिकचं! कड्डकन मोडलं आणि आमचा सॉफ्टवेअर मॅनेजर आतेभाऊ कमरेपर्यंत पाण्यात उभा!

"अरे झिला, ता पिण्याचा पाणी हा!" शामराव कळवळले.

मोदक पिंपावर पुढचे पाय टेकून वर बघतोय, अजितने बाकरवडी डोक्यावर धरलेली. दीपक आणि नम्रताबाई एकमेकांशी भांडतायत, "आम्हाला पसंत केलंय!" "अहो, आम्हाला!" मग दोघेही माझ्याकडे वळले. मी मोबाईल कानाला लावून कुणाचा तरी फोन आल्यासारखं केलं.

तेवढ्यात दार उघडलं.

"भेटीची वेळ संपली!"

चौतीस वर्षांचा वॉर्डातला आवाज! प्रिन्सेस गप्प झाली. मोदक खाली बसला. नम्रताबाई उंबऱ्यावर बसल्या. मी जमिनीवर बसलो. अजितही बसला. पिंपात.

पाच मिनिटांत सगळं शिस्तीत आलं. अजितच्या कोपराला पट्टी, अंगावर शामरावांचा लेंगा, हातात चहा. एका मुरगळलेल्या मनगटाने तिने दोन कुत्री, दोन पाहुणे आणि दोन भाचे-मुलगे रांगेत बसवले होते. अजित तिच्याकडे बघून एकाएकी हसायला लागला.

"हिला काय सोबत द्यायची आपण! पण आई, तरी कुणीतरी येऊन-जाऊन हवं गं. मला तिकडे झोप लागत नाही."

"ते ठरलंय माझं," आत्या म्हणाली. "ही पांढरी शामरावांकडे."

"ह्या माझ्याकडेच ऱ्हवांदे," शामराव म्हणाले. प्रिन्सेस कधीच त्यांच्या मांडीवर पोचली होती.

"आणि मोदक मला पसंत आहे. पण सकाळ-संध्याकाळ फिरवायला मला झेपणार नाही. तो राहील अवधूतकडे, दादरला. रोज सकाळी अवधूतने त्याला इथे सोडायचं, दिवसभर तो माझ्यापाशी. संध्याकाळी घेऊन जायचं. रोज दोनदा माणूस येऊन बघून जाईल. चालेल ना रे अजित?"

"पळेल!" अजित म्हणाला.

मला कुणी विचारलंच नाही. मी वैदेहीला फोन लावला, तर ती म्हणाली, "आत्यांनी मला मंगळवारीच विचारलंय. मी हो म्हटलं."

अजितची सूटकेस रिकामी आली तशी रिकामी परत गेली. पट्टा सोडून.

आता मी रोज पहाटे साडेपाचला उठतो. मोदक मला दादरहून भोईवाड्यापर्यंत ओढत नेतो. माझं पोट दोन इंच कमी झालंय, मग आत्याच्या आंबोळ्यांनी ते परत येतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

परवा जिना चढत होतो तर गॅलरीतून आत्याचा आवाज आला. शामरावांना सांगत होती, "अहो, कुत्रा कुणाला हवा होता? हा पोरगा समोरच्या टॉवरमध्ये बसून माझी कौलं मोजायचा. आता रोज दोनदा येतो, पोटभर खातो आणि बोलतो."

मी जिन्यातच थांबलो. म्हणजे त्या रविवारी चादर अंथरून, पोहे करून बघितलं कुणाला, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. सतरा वर्षं लोकांच्या मुलाखती घेणाऱ्या माणसाला स्वतःची मुलाखत झालेली कळली नाही! आठवडाभर बघून मला पसंतही केलं होतं म्हणे.

फक्त कळवलं नव्हतं. घराणं शेवटी तेच ना!