मारेनच्या घरचं मयत

"एकटं राहण्यात माझा हात धरणारा कोणी नाही!" मारेननं डेन्मार्कहून निघताना आईला ठणकावून सांगितलं होतं. मलावीतल्या चिसांबे गावच्या दवाखान्यात ती बिनपगारी उमेदवारी करायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात सगळी ऐट उतरली.

दिवसभर पट्ट्या गुंडाळायच्या, संध्याकाळी विटांच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचं. शेजारणी लांबून हात हलवायच्या, हीही हलवायची. तिची चिचेवा भाषा चार वाक्यांत धापा टाकायची! शेवटी ती पालीशी गप्पा मारू लागली, तर पालही पाठ फिरवून निघून गेली. उरला फोन. त्यात निदान आईचा आवाज होता.

रविवारी सकाळी ती संडासात वाकली आणि फोन भोकातून थेट पाताळात!

तिनं असा हंबरडा फोडला, की शेजारच्या एसिनाती आजी हातातलं पाखडायचं सूप टाकून धावत आल्या.

"काय झालं गं पोरी?"

"गेला, आजी! खड्ड्यात गेला! आता मी कोणाशी बोलू?"

"अगं बाई माझ्या!" आजींनी तिला छातीशी धरलं, आणि लगेच गावात मयताची वर्दी दिली.

मग काय! बायका चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि जमिनीवर मुकाट बसल्या. प्रत्येकीच्या टोपलीत मक्याचं पीठ. पुरुषांनी अंगणात लाकडं टाकून चूल पेटवली. चर्चची गायकमंडळी गळा काढूनच आली.

आपल्या स्वागताला अख्खा गाव लोटला, असं मारेनला वाटलं! डोळे पुसून तिनं हसत हसत बिस्किटं फिरवली.

"हसतेय बघ!" शेजारीण फालेसी आजींच्या कानात कुजबुजली.

"दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं," आजी म्हणाल्या. "घे बिस्कीट, नाही म्हणू नकोस."

एवढ्यात मुखिया कामवेंडो कोट चढवून आले. "पोरी, मला दोन शब्द बोलावे लागतील. तुझा गेला तो केवढा होता गं?"

फोनची एवढी चौकशी! मारेनला भरून आलं. "दोनच वर्षांचा!"

"आई गं! लेकरू!" घरात एकच आकांत उसळला. फालेसीनं तर भुईवर अंग टाकलं.

"शेवटी जवळ कोण होतं?" मुखियांनी हळूच विचारलं.

"मीच. वाकले, आणि खिशातून सटकला."

रडणं जिथल्या तिथं थांबलं.

"खिशातून?"

मारेननं कानाशी हात धरून "हॅलो, हॅलो" करून दाखवलं आणि संडासाकडे बोट केलं.

पहिल्यांदा आजी फिसकन हसल्या. मग फालेसी पडल्या जागीच लोळू लागली. मुखियांनी कोट काढून खांद्यावर टाकला. "चूल पेटलीच आहे, तर जेवून जाऊ!"

मक्याची घट्ट लापशी रटरटली, घेवडा शिजला. मारेन दाटीवाटीनं बायकांत बसून बोटं भाजत जेवली. कोणी तिचे केस विंचरले, कोणी तिची चिचेवा ऐकून पोट धरून हसलं. तिला वाटलं, हा दिवस संपूच नये.

पण ऊन कलल्यावर टोपल्या उचलल्या गेल्या, चपला पायात गेल्या. बघता बघता अंगण ओस पडलं. आजी तेवढ्या मागं राहून कमरेचं कापड घट्ट करत होत्या.

"आजी," मारेननं हळूच विचारलं, "उद्यापण याल सगळ्या?"

आजी चपापून थबकल्या.

"उद्या? आता आणखी कोण गेलं?"