खुनी कोण ते उल्काताईंना ठाऊक होतं

“खुनी कोण ते प्रयोगाआधी कुणालाही सांगायचं नाही, उल्काताई! गणपतीसमोर शब्द द्या!”

दीनानाथ हे म्हणाले तेव्हा धडधाकट होते. आठच दिवसांनी भर तालमीतच गेले. त्यांच्या रहस्यनाटकात खून त्यांचाच होता. पहिल्या अंकात विष पिऊन ते असे कोसळले, की मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

“काय प्रेत वठवलंय! श्वाससुद्धा दिसत नाही!” संतोष म्हणाला.

दिसणार कुठून? विंगेतून उल्काताईंनी तीनदा हळूच सांगितलं, “उठा, अंक संपला.” चहा आला, निवला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

कसब्यातल्या त्या हौशी मंडळीत उल्काताई सव्वीस वर्षं प्रॉम्प्टर. आवाज असा, की विंगेतल्या डासालाही कान द्यावा लागे! रोज सहस्रनाम, मंगळवारी उपास, आणि खोटं न बोलण्याचा नेम. खोटं गेलंच तोंडातून, तर त्या रात्री जेवण नाही. नाटकाचं शेवटचं पान दीनानाथांनी फक्त त्यांनाच दिलं होतं. लेकीच्या, ऋचाच्या लग्नात, सीमांतपूजनाच्या संध्याकाळी प्रयोग करायचा आणि व्याह्यांना चकित करायचं, ही दीनानाथांची हौस.

त्यांच्यामागंही प्रयोग करायचाच असं ठरलं, तेव्हा उल्काताईंना वाटलं होतं, निभावून नेऊ. नेम पाळणाऱ्याला कसली अडचण!

सहा महिन्यांनी, सीमांतपूजनाच्या सकाळी, अडचण उपम्याच्या बशीबरोबर आली. गुप्तहेराचं काम करणारा संतोष मंगलकार्यालयाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडला, “उल्काताई, आता तरी सांगा! दीनानाथकाकांना विष कुणी दिलं?”

विश्रांतवाडीहून आलेले नवऱ्यामुलाचे वडील तात्याराव यांचा चमचा हवेतच राहिला.

“विष? आम्हाला तर हार्ट अटॅक सांगितला!”

“तात्या, ते नाटक आहे हो!” ऋचा धावली.

“नाटक आहे ते दिसतंच आहे मला! सहा महिने चाललंय!”

“अहो, खरंच नाटक...”

“तेच म्हणतोय मी! या बाई खोटं बोलत नाहीत म्हणे. सांगा ताई, दीनानाथांचा खून झाला?”

“हो,” उल्काताई म्हणाल्या. पुढचं ‘पहिल्या अंकात’ त्यांच्या पदरापर्यंतसुद्धा पोहोचलं नाही.

“खुनी ठाऊक आहे?”

“हो.”

“कोण?”

“शब्द दिलाय. सांगता यायचं नाही.”

“बॅगा भरा!” तात्यारावांनी फर्मावलं. नवरामुलगा केयूर उपमा गिळायचाच विसरला.

ऋचा उल्काताईंच्या गळ्यात पडली. “मावशी, आधीच बाबा नाहीत. आता लग्नही मोडणार का?”

संतोषनं मग नाटकाची वहीच तात्यारावांपुढे धरली. त्यांनी ती चाळली. शेवटचं पान नव्हतं!

“नाटक असेल तर शेवट असेल,” ते कोरडेपणानं म्हणाले. “शेवट दाखवा, लग्न लावा. नाही तर मी पोलिसांत जातो.”

साडेसहाला पडदा उघडला. पहिल्या रांगेत तात्याराव पंचनाम्याला बसल्यासारखे, मोबाइल हातात. दीनानाथांच्या जागी चादर पांघरलेला लोड. त्याच्याकडे बघून रडू कुणालाच आवरेना, त्यामुळे पहिला अंक फारच छान झाला.

तिसऱ्या अंकात संतोष गरजला, “सांगा! विष कुणी दिलं?”

वही इथंच संपत होती. नटांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, आपणच असू. तात्यारावांचा अंगठा मोबाइलवर गेला.

विंगेत उल्काताईंनी घडी घातलेला कागद उघडला. दीनानाथांचं अक्षर: ‘खुनी – प्रॉम्प्टर उल्काताई. यांच्यावर कुणाचाच संशय जायचा नाही. वाक्य एकच: होय, मी मारलं. जरा मोठ्यानं.’

सव्वीस वर्षांत त्यांनी विंगेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आणि वाक्य तर धडधडीत खोटं! की तेवढंही नाही? त्या दिवशी तीनदा नुसतं ‘उठा’ म्हणण्याऐवजी जवळ जाऊन हात लावला असता तर...

मागच्या दारात आचारी पानं मोजत उभा होता. आत मसालेभाताचा घमघमाट सुटला होता.

“माझं पान मांडू नका,” उल्काताई त्याला म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या, पदर सावरला, विंगेच्या कडेला नमस्कार केला आणि उजेडाकडे निघाल्या.