पोफळीच्या शेंड्यावर दोन आणे

चौलच्या बाबाजीशेटांनी दिवाळीत, पानाला चुना लावता लावता, गुणाजीला रोजी दोन आणे वाढ कबूल केली होती. गुणाजी त्यांच्या वाडीतला पोफळीवर चढणारा गडी. त्या दोन आण्यांच्या भरवशावर त्याच्या बायकोने, केसरने, लेकीला मजुरीवरून काढून शाळेत घातलं होतं.

सुपारी पिकली. गुणाजी शेंड्यावर पोचला. पोफळ म्हणजे वाऱ्याची लाडकी सून, जरा झुळूक आली की मान डोलवते. तेवढ्यात खालून शेटांनी हाळी दिली, "गुणाजी, त्या दोन आण्यांचं विसर हां! भाव पडलाय."

गुणाजीचं काळीज दचकलं, काळजाबरोबर पाय दचकला आणि पायातला दोरीचा फास निसटून खाली गवतात पडला. फासाशिवाय त्या गुळगुळीत खोडावरून उतरायचं म्हणजे सालटीच निघायची. आणि वीस वर्षं चढणाऱ्या गड्याने 'माझा फास पडला' असं ओरडायचं? पोरंटोरं जन्मभर हसली असती. तो गप्प बसला.

"ऐकलंस काय?"

वर चिडीचूप.

"रुसलास काय रे?"

शेजारच्या वाडीचे शिवदास कुंपणावरून डोकावले. "बाबाजी, रुसवा कसला? ह्यो सत्याग्रह हाय!"

बघता बघता आळी जमली. रेवदंड्याच्या बंदराला व्यापाऱ्याचं गलबत लागलेलं, उद्या सुटायचं, आणि सुपारी अजून झाडावर. शेट कावले. "दुसरा गडी आणतो!"

"आणा की," शिवदास म्हणाले, "सगळे हितंच हायत." खरंच, चौलचे सगळे चढणारे गडी हाताची घडी घालून उभे होते. एकही हलला नाही.

"बरं बाबा, दिले दोन आणे! उतर!"

गुणाजीला आनंदाने गलबलून आलं. पण उतरायचं कशाने? तो तसाच झाडाला बिलगून राहिला.

"तीन?" शेट रडकुंडीला आले.

आता मात्र गुणाजीला लाज वाटली. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. इतक्यात भाकरी घेऊन आलेल्या केसरच्या पायाखाली फास आला. तिने फासाकडे बघितलं, वर बघितलं, आणि पदर सावरत फासावरच बसकण मारली. मग जात्यावर बसल्यासारखी ओवी धरली:

"उंच पोफळीच्या शेंडी, बसला माझा राघू बाई,
धीर धर रे राघवा, शब्द बोलायचा न्हाई!"

राघूने तोंड मिटलं.

"शेट," केसर म्हणाली, "सगळ्यांदेखत बोला. तीन आणे, आन् दिलेलं परत फिरवायचं न्हाय."

"शितळादेवीची आण! आता त्याला उतरव, बाय!"

"उपाशी मानूस कसा उतरंल?" तिने भाकरी फडक्यात बांधली, फडक्यात आणखीही काही बांधलं. बांबूला बांबू जोडून गाठोडं वर गेलं. घटकेभरात भाकरी चावत गुणाजी असा डौलात उतरला, की शेटांनीसुद्धा टाळी वाजवली.

दिवेलागणीला तीन गडी त्याच्या ओटीवर आले. "गुणाजीदादा, आमचं मालक पन बोलून फिरलं. तू नेमकं केलंस काय, सांग."

गुणाजी खाकरला. "त्याचं असं झालं, माजा..."

"काय न्हाय," केसर आतून म्हणाली. "वर जायचं, आन् गप बसायचं."

दुसऱ्या दिवशी चौलच्या तीन वाड्यांत तीन गडी शेंड्यावर गप्प बसले होते, आणि खाली तीन मालक आपापल्या बायकोला विचारत होते, "तीन आणे म्हणू, का आधी दोन म्हणून बघू?"