हृदयाकृती पान आणि मुलाण्याचं दुकान

जळकोटात शांतलिंग मास्तराएवढं शिकलेलं कुणी नव्हतं, असं खुद्द मास्तरच सांगायचा. राज्य निजामाचं. शाळा तपासणारे मोहतमीम साहेब सोमवारी येणार होते आणि त्यांच्या एका शेऱ्यावर मास्तराची नोकरी कायम व्हायची होती. पाठ ठरला होता पानांच्या आकारांचा. सोलापुराहून आणलेल्या पुस्तकात नागवेलीचं पान ‘हृदयाकृती’ म्हटलं होतं.

“म्हंजी कशासारखं?” भाकरी थापता थापता बायकोनं, गंगम्मानं, विचारलं.

“काळजासारखं.”

“तुमी बगितलंय व्हय काळीज?”

लिंगायताचं घर, सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा हातात धरलेलं नाही. साहेबानं हेच विचारलं तर? शनिवारी खिशात नागवेलीचं पान घालून मास्तर मुलाण्याच्या मटणाच्या दुकानात शिरला.

मुलाणी हरखला. “लाजू नगा मास्तर. पयल्यांदा समद्यांचंच असं हुतं.”

मास्तरानं बकऱ्याच्या काळजाशेजारी पान धरलं. कशाचा कशाला मेळ नाही. ते काळीज दिसत होतं चेंगरलेल्या रताळ्यासारखं! पुस्तकं लिहिणारे असेच. बूड हलवायचं नाही आणि जगाला नावं ठेवायची.

मास्तर दुकानातून निघाला तो रिकाम्या हातानं. पण पारापर्यंत गावानं त्याच्या हाती पावशेर मटण दिलं, चावडीपर्यंत शेरभर, आणि घर येईस्तोवर अर्धं बकरं. गंगम्मा उंबऱ्यात उभी.

“अगं, पाठासाठी गेलतो.”

“मग पाठच जेवा,” म्हणून तिनं कडी घातली. दोन दिवस मास्तरानं शाळेत चुरमुऱ्यांवर काढले.

सोमवारी साहेबानं पान उचललं. “हे दिलासारखं दिसतं?”

नोकरी गेली तर गेली. “न्हाय साहेब. मी मुलाण्याकडं जाऊन बगितलंय.”

साहेब खो खो हसले. म्हणाले, हे नाव पत्त्यातल्या लाल बदामावरून पडलं असणार, इंग्रज त्याला ‘हार्ट’ म्हणजे दिल म्हणतात. आणि आमच्या उर्दूत त्या बदामाला म्हणतात पान! हसता हसताच त्यांनी मास्तराला कायम केलं.

हुकूम घेऊन मास्तर घरी धावला. दाराबाहेर अंघोळ झाली, विभूती झाली. गंगम्मानं कडी काढली, ताट वाढलं. मास्तरानं पहिला घास उचलला, तेवढ्यात दारात हाक आली. मुलाणी उभा होता, हातात पळसाच्या पानांचा पुडा घेऊन.

“मास्तर, कायम झालात म्हनं. तुमच्या आवडीचं आणलंय.”

मास्तर आता कायम झालाय. मुक्काम : शाळा.