राजे आणि शिकऱ्याचं पीस

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं, आणि नुसतं चालणं माझ्याच्याने होत नाही म्हणून मी पक्षी बघायला लागलो. पण पक्षी एका जागी बसत नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुर्बीण डोळ्याला लावून मी तिचं चाक फिरवेपर्यंत फांदी तेवढी अगदी स्वच्छ दिसायची. शेवटी मी पिसांकडे वळलो. पीस उडून जात नाही. निवांत हातात घ्यायचं आणि पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायचं. शिवाय मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करतो. फुटलेली काच बघून दगड कुठून आला ते सांगणं हेच माझं काम. (दगड आलाच नव्हता असं सिद्ध केलं, तर साहेब जास्त खूश होतात.)

बघता बघता ऑफिसात माझा दरारा बसला. पार्किंगमधलं पीस उचलून मी म्हणायचो, "मादी. तरुण." कुणी वाद घालायचं नाही, कारण कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण पुस्तक माझ्याकडे होतं.

अशातच सासूबाईंचे राजे आमच्याकडे मुक्कामाला आले. राजे म्हणजे त्यांचा काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आणि "राजे आले! राजे आले!" अशी स्वतःच स्वतःची आरोळी. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्या मेहुण्याच्या गावी गेल्या होत्या. रक्तदाब चढतो म्हणून ते ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. बिचाऱ्यांना धड जिना चढता येत नव्हता, धड खाली बसता येत नव्हतं, आणि दाब उतरल्याशिवाय डॉक्टर गुडघ्याला हात लावायला तयार नव्हते. जाताना मला म्हणाल्या, "जावईबापू, राजांना जपा. त्यांना काही झालं तर माझं काही खरं नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गच्चीवरून तारेवरचा एक करडा पक्षी न्याहाळत होतो. (ती पिशवी निघाली.) खाली आलो तर घरात बायको नाही. पिंजऱ्याचं दार सताड उघडं. आत राजे नाहीत. आणि बाल्कनीभर पांढरी पिसं!

ओरडावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांची नोकरी अंगात मुरलेली असते. मी पंचनामा सुरू केला. पांढरी पिसं राजांची, त्यात वाद नव्हता. कठड्यापाशी मात्र एक वेगळंच पीस पडलं होतं. तपकिरी, त्यावर गडद आडवे पट्टे. मी पुस्तक उघडलं आणि मटकन खुर्चीत बसलो. शिकरा! लहान चणीचा, पण एकदा झडप घातली की सोडत नाही असा शिकारी पक्षी.

मला भरून आलं. रोज सकाळी मी वाचायच्या आधी पेपर फाडणारे राजे आता दिसणार नव्हते. मग सासूबाई आठवल्या आणि दरदरून घाम फुटला.

मी वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना बोलावून आणलं. निवृत्त माणूस, अतिशय सज्जन, आयुष्यात कधी आवाज चढवला नसेल.

"हे बघा," मी पीस त्यांच्यासमोर धरलं. "शिकरा."

पोस्टमास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "शिकराच," ते म्हणाले. "शंभर टक्के."

"तुम्हालाही पिसांतलं कळतं?"

"छे हो! पण तुम्ही म्हणताय म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही. द्या ते इकडे, टाकून देतो."

"टाकता काय? पुरावा आहे तो!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर हॉस्पिटलची उशी आणि त्यावर सासूबाई.

"जावईबापू, राजे काय म्हणतात?"

"राजे? मजेत! अगदी मजेत!"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "दाखवा बघू."

"आंघोळ करतायत."

"आत्ता?"

"रविवार आहे ना."

"बरं, मग आवाज तरी ऐकवा. या सिस्टरबाई दाब मोजायला उभ्या आहेत. राजांचा आवाज ऐकला की मला बरं वाटेल."

मी पोस्टमास्तरांना बाथरूममध्ये ढकललं आणि खुणेनं सांगितलं. आतून रजिस्टर पत्र आल्याची वर्दी द्यावी तसा एक नम्र आवाज आला, "राजे आले. राजे आले."

"घसा बसलाय का हो त्यांचा?"

"हवा बदलली ना, आई."

"शीळ घालायला सांगा. छान घालतात."

पोस्टमास्तरांनी जीव तोडून प्रयत्न केला. आधी नुसतीच हवा आली, आणि मग त्यांची कवळी बादलीत पडल्याचा आवाज.

"काय पडलं?"

"साबण!" मी ओरडलो.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चादर तोंडावर ओढली. चादरीखाली खांदे गदगदा हलत होते. फोन बंद झाला.

संपलं! त्यांना सगळं कळलं होतं. आता दाब आभाळाला भिडणार, ऑपरेशन तिसऱ्यांदा बोंबलणार, आणि त्याला कारण मी. मी डोकं धरून बसलो.

आणि दारातून आरोळी आली, "राजे आले! राजे आले!"

बायको आत आली. हातात वेताची टोपली, टोपलीत राजे. मी त्यांना टोपलीसकट मिठी मारली. ते माझ्या बोटाला कडकडून चावले. चावून घेताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"अहो, काय चाललंय?" बायको म्हणाली. "पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं यांना. जुनी पिसं झडून नवी यायचे दिवस आहेत, घाबरायचं कारण नाही म्हणाले. पिंजऱ्याचा ट्रे मी बाल्कनीत ठेवून गेले होते, तो वाऱ्याने उधळला वाटतं. तुम्हाला गच्चीवर येऊन सांगितलं की! तुम्ही 'हो' म्हणालात."

"मी दुर्बिणीत होतो!"

"दुर्बिणीला डोळे लावतात, कान नाही."

"मग हे शिकऱ्याचं पीस?"

तिने पिसाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "कोंबडीचं आहे."

बाथरूमचं दार उघडलं. पोस्टमास्तर कवळी बसवत बाहेर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "एकच आहे हो. गॅलरीत ठेवलीय. गरीब आहे बिचारी." आमच्या बिल्डिंगमध्ये कोंबड्या पाळायला बंदी आहे, आणि त्या नोटिशीवर सेक्रेटरी म्हणून सही माझीच. "तुम्ही शिकरा म्हणालात, तेव्हा म्हटलं, वाचली."

"ठेवा हो, खुशाल ठेवा!" मी म्हणालो. त्या क्षणी त्यांनी गॅलरीत घोडा बांधला असता, तरी मी चाऱ्याची चौकशी केली असती. "पण आई! आई रडत होत्या! फोन लाव आधी!"

"रडत होती?" बायको चमकली. "अगं बाई, मी डॉक्टरांकडूनच तिला फोन केला होता. राजे तेव्हा माझ्या खांद्यावर होते. तिने बघितलं की त्यांना!"

तिने फोन लावला. पलीकडून आधी बराच वेळ नुसतं हसूच ऐकू आलं.

"जावईबापू," सासूबाईंनी कसाबसा दम घेतला, "मला वाटलं, तुम्ही सांगाल की राजे डॉक्टरांकडे गेलेत. तुम्ही त्यांना आंघोळच घालायला लागलात! मग म्हटलं, बघू तरी. हसून हसून पोट दुखलं. आणि सिस्टरबाईंनी दाब मोजला, तर अगदी जागेवर! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. उद्याचं ऑपरेशन पक्कं!"

मी हुश्श केलं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. राजे जिवंत, सासूबाईंचा गुडघा मार्गावर, आणि म्हटलं तर सगळं माझ्यामुळेच.

"आई, आता आराम करा," मी जरा भारदस्त आवाजात म्हणालो. "रात्रीची गोळी विसरू नका."

"ती बदलली हो," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, उद्या आत न्यायच्या आधी गोळीऐवजी जावयांना फोन लावा आणि पक्ष्यांबद्दल काहीतरी विचारा. भूल देणाऱ्या बाईसुद्धा ऐकायला येणार आहेत."