चार साक्षीदारांचा पासवर्ड

“बाबा, तुमच्या ईमेलचा पासवर्ड काय आहे?” हा प्रश्न रविवारी चर्चमधून आल्यावर, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मोठ्या आवाजात विचारून दाखव, अशी पैज जिफा आणि न्हिरा या माझ्या मैत्रिणींनी लावली होती. बाबा हातातला फुफूचा, म्हणजे कांडलेल्या कंदाच्या गोळ्याचा, घास खाली ठेवतील आणि पुढे जे होईल ते मी शाळेत येऊन सांगायचं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. मी विचारला. बाबांनी घास खाली ठेवला नाही. ते म्हणाले, “अगं, तो सगळ्यांना माहीत आहे. आत्याला विचार.”

जी गोष्ट साक्षीदारांसमोर झाली नाही ती झालीच नाही, हे जगातलं सगळ्यात भक्कम तत्त्व आहे आणि घानातलं आमचं ममपोंग गाव त्यावरच उभं आहे. लग्न, जमीन, बारसं, भांडण आणि त्या भांडणाची समाप्ती, सगळं चार माणसांसमोर होतं. बाटली उघडली जाते, प्रत्येकाला घोटभर मिळतं, आणि मग ती गोष्ट कुणाच्या बापाला बदलता येत नाही. तेव्हा दोन वर्षांपूर्वी बाबांनी ईमेल काढलं त्या दिवशी पासवर्डसारखी गंभीर बाब त्यांनी दार लावून, चोरासारखी, एकट्याने उरकली असती तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी रीतसर माणसं बोलावली. बोआदूमामा (आईचे थोरले भाऊ आणि घराण्याचे प्रमुख). पोकुआ आत्या. शेजारचे अमान्क्वाकाका, जे शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले आहेत (व्याकरण निवृत्त झालेलं नाही). आणि आई, कारण खुर्च्या तिच्या होत्या. श्नॅप्स दारूची हिरवी बाटली उघडण्यात आली, पासवर्ड खणखणीत आवाजात उच्चारण्यात आला आणि सर्वानुमते मंजूर झाला.

पासवर्ड कुणालाही सांगू नये, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं. सदर सूचनेचं बाबांनी तंतोतंत पालन केलं, कारण ही सूचना परक्यांबद्दल असते हे कुणालाही कळतं. उलट मामांनी त्या बैठकीत एक रास्त मुद्दा काढला होता. आमच्यात मुलं आईच्या घराण्याची. मुलांची पत्रं म्हणजे घराण्याची पत्रं. त्या हिशेबाने या खोलीत परके असे एकटे मुलांचे वडीलच आहेत. तर पासवर्ड ठरेपर्यंत त्यांनी जरा अंगणात थांबावं का? बाबा हसले. मामा हसले नव्हते.

हा इतिहास मला उकरायचं कारण नव्हतं, पण त्या पत्त्यावर माझं एक पत्र येऊन पडलं होतं. सुट्टीत अक्राला मुलींसाठी यंत्रमानव बनवायचं शिबिर भरतं. त्यात माझी निवड झाल्याचं मुख्याध्यापिकांनी सांगितलं आणि अटही सांगितली: पालकांनी त्याच पत्त्यावरून शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ‘संमती आहे’ असं उत्तर द्यायचं, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीला. ही पहिली मुलगी कुमासीची असून त्या जागेला अजिबात लायक नाही. (मी तिला ओळखत नाही.)

आमचा संगणक बैठकीच्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली असतो. तो इंग्लंडहून जहाजाने आला, म्हणजे तिथल्या लोकांनी तो बरीच वर्षं वापरून आमच्यासाठी तपासून ठेवला होता. त्याच्या पाठीवर ‘हिशेब विभाग, हलवू नये’ अशी चिठ्ठी आहे, म्हणून आम्ही तो हलवत नाही. त्याच्या घड्याळाचा सेल मेलेला असल्याने घरची वीज गेली की आत २००२ सालचा पहिला जानेवारी उजाडतो. आईला हे फार आवडतं. त्या तारखेला तिचं लग्न झालेलं नव्हतं. “अजून विचार करायला वेळ आहे,” असं ती बाबांकडे बघून म्हणते.

मेलवाल्यांना मात्र २००२ सालातून आलेला माणूस चालत नाही. ‘ही जोडणी सुरक्षित नाही,’ असं ते तोंडावर सांगतात आणि बाबांना तो घराचा अपमान वाटतो. म्हणून बुधवारी मी आधी तारीख दुरुस्त केली आणि मग आत्याने सांगितलेला पासवर्ड टाकला. चुकला.

पासवर्ड चुकला म्हणजे साक्षीदार खोटा ठरला. बाबांनी तातडीने बैठक भरवली. साक्षींचा गोषवारा येणेप्रमाणे. आत्याचं म्हणणं, गावाचं नाव आणि बाबांचं जन्मसाल. बाबांचं म्हणणं, गावाचं नाव बरोबर, पण जन्मसाल आत्याचं, कारण ती थोरली, तिचा मान. (आपलं जन्मसाल चारचौघांत निघाल्याबद्दल आत्याने हरकत नोंदवली.) अमान्क्वाकाका म्हणाले, साल कुठलंही घ्या, पण शेवटी पूर्णविराम होता, तो त्यांनी स्वतः सुचवला होता आणि विधान अर्धवट सोडणाऱ्यांत ते नाहीत. आई तेव्हा ग्लास विसळत होती, पण कुणीतरी चुकतंय हे तिला तेव्हाच जाणवलं होतं. ठाम असलेल्यांचं प्रमाण शंभर टक्के, एकमताचं शून्य. मामा बैठकीला नव्हते. मामांना बोलावत नाहीत, मामांकडे जातात.

सगळी रूपं टाकून झाल्यावर यंत्राने कळवलं की फार प्रयत्न झाले, आता तुम्ही ते तुम्हीच असल्याचं सिद्ध करा. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग बसलेल्या माणसांकडे.

“एवढी माणसं बसलीत,” ते म्हणाले, “याला एकालाही विचारावंसं वाटत नाही?”

यंत्राला नाही वाटलं. त्याला एका फोनवर सांकेतिक आकडा पाठवायचा होता आणि तो फोन मामांचा होता, कारण आमच्या घराण्याचा नंबर म्हणजे मामांचा नंबर. आकडा दहा मिनिटं टिकतो. मामा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि फोनवर आकडे सांगत नाहीत. फोनवर कुणीही भाची होऊ शकते, असं त्यांचं मत आहे, आणि हल्ली ते खरंच आहे.

गुरुवारी जिफाला संगणकापुढे बसवून बाबा आणि मी मामांकडे गेलो. दारात पोचताच बाबांनी फोन करून तिला आकडा मागवायचं बटण दाबायला सांगितलं. इथे चूक झाली. आलेल्या माणसाला आधी बसायला द्यायचं, मग पाणी, पाणी पिऊन झाल्यावर ‘इथे सगळं कुशल आहे, तुमचं येणं कशासाठी?’ असं विचारायचं, आणि पाहुण्याने घरून निघाल्यापासूनची हकिगत क्रमाने सांगायची. त्याआधी काम काढणारा माणूस एकतर उद्धट असतो नाहीतर मयताची बातमी घेऊन आलेला. आम्ही पाणी पीत असताना मामांच्या खिशात फोन वाजला. पाहुणा पाणी पितोय आणि आपण फोन बघतोय, असं मामांच्या हातून होणं शक्य नाही. बाबांची हकिगत ईमेलपर्यंत आली तोवर आकडा मेला होता. दुसरा मागवला, तर मामा म्हणाले की नवा आकडा म्हणजे नवं काम, आणि नव्या कामाला नवं पाणी. तिसऱ्या आकड्याच्या वेळी त्यांनी तो अंगणाचा जुना मुद्दा पुन्हा काढला. चौथा मागवणार इतक्यात जिफाचा फोन आला की आमच्या घरी २००२ साल लागलं आहे.

“बोलणं छान झालं,” परत येताना बाबा म्हणाले. मला कुमासीच्या मुलीचा चेहरा दिसत होता.

शुक्रवारी शाळा सुटताच जिफा आमच्या घरी जाऊन तारीख दुरुस्त करून बसली आणि मी एकटी मामांकडे गेले. बटण दाबू नकोस, मी सांगेपर्यंत हात मांडीवर ठेव, असं मी तिला बजावलं होतं. मी बसले. पाणी प्यायले, अख्खा ग्लास. मामांनी कुशल सांगून विचारलं. मग मी शिबिराच्या निवड परीक्षेपासून सुरुवात केली, एकही पायरी गाळली नाही, आत्याचं जन्मसालसुद्धा.

मामा म्हणाले, “ती कुमासीची मुलगी. तिचे मामा कोण?”

“माहीत नाही, मामा,” मी म्हणाले. “पण ते फोन हातात घेऊन बसले असतील.”

मामांनी फोन बाहेर काढला, हातभर लांब धरला आणि म्हणाले, “सांग तुझ्या मैत्रिणीला.” आकडे आले. दवंडी पिटावी तसे त्यांनी ते वाचले, मी ते जिफाला पोचवले. लगेच नवा पासवर्डही लागत होता, तो तिथे बसलेल्या जिफानेच ठरवला. त्यामुळे जिफा आता परकी राहिलेली नाही. मी धावत घरी पोचले तेव्हा बाबा एका बोटाने संमती लिहीत होते, खाली सर्व साक्षीदारांची नावं घालून, आणि शेवटचा पूर्णविराम अमान्क्वाकाकांनी दिला. पाचाला थोडा अवकाश होता.

शिबिराचं उत्तर तासाभरात आलं. जागा माझी. आता मी शिबिरासाठी स्वतःचं खातं उघडावं, पासवर्ड निवडावा आणि कुणालाही सांगू नये.

वाचकहो, तुम्ही मघापासून हसताय, हसा. तुमचा पासवर्ड तुम्हाला एकट्यालाच माहीत आहे, त्याबद्दल अभिनंदन. एक दिवस तो विसरलात की यंत्र विचारेल, तुम्ही ते तुम्हीच कशावरून. आणि तुम्ही भरल्या घरात, कुणाला न सांगता, आपल्या पहिल्या कुत्र्याचं नाव आठवत बसाल. तेव्हा उठून ‘होय, हा तोच’ म्हणणारी चार माणसं कोण, ती मनातल्या मनात मोजून पाहा. (आईला धरू नये, तिला सगळेच धरतात.)

मी मोजली. मग मागच्या अंगणात गेले. आई फुफू कांडत होती आणि बाबा मुसळ वर जाताच गोळा उलटवत होते.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” मी म्हणाले. “शिबिराचा पासवर्ड मी एकटी ठरवणार नाही. उद्या सकाळी माणसं बोलवा. माझ्याकडून न्हिरा आणि जिफा बसतील.”