डोळ्यांवर पट्टी, पुढ्यात वांगं

"पोर गप्प झालं की उठून बघायचं. आणि हे गप्प झाले की धावत जायचं," असं सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं. त्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या आणि सासऱ्यांना तीन महिन्यांसाठी परदेशात मुलाकडे धाडत होत्या. सुनेने "हो आई" म्हणून ते कानाआड केलं. सोळा महिन्यांच्या पिल्लूमागे धावताना तिचा जीव जात होता. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज लावून झाला होता, पिल्लूने काय खाल्लं त्याचा कागद फ्रिजवर चिकटला होता. खुर्चीत बसून पेपर वाचणाऱ्या बहात्तर वर्षांच्या माणसावर आणखी काय लक्ष ठेवायचं?

तसे बाबा आल्या दिवसापासूनच गप्प होते. दोन वेळा अर्धी वाटी मऊ भात खायचे आणि "पुरे" म्हणायचे. दहा दिवसांत पँटला पट्टा लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काही झालेलं नाही. आवडेल ते खाऊ द्या." पण रोज संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "आज किती खाल्लं?" आणि ती "बरं खाल्लं" असं खोटं बोलायची. फ्रिजवरच्या कागदावर पिल्लूशेजारी आता बाबांचाही रकाना होता, आणि त्यात रोज एकच नोंद: अर्धी वाटी.

रविवारी त्याच शहरात राहणारा तिचा दादा आला आणि नेहमीचा विषय निघाला.

"या शहरात खरं चिनी जेवण हवं असेल तर बस डेपोमागे जायचं," नवरा म्हणाला. "सिचुआन प्रांताचं, जीभ बधिर करणारं. बाकी सगळं नुसतं सॉस ओतलेलं." तो लिफ्टचा इंजिनिअर होता. शहरातल्या निम्म्या हॉटेलांच्या लिफ्ट त्याने दुरुस्त केल्या होत्या, म्हणून तिथल्या भटारखान्यांवरही आपला अधिकार चालतो असं त्याला वाटायचं.

दादा दातांचा डॉक्टर. "जीभ बधिरच करायची असेल तर माझ्या दवाखान्यात या, जावईबापू. एक सुई टोचतो, काम भागेल. जेवायचं तर हुनान प्रांताचं, हुनानी. पुलाखालचं."

"पुलाखाली एक तरी चिनी माणूस जेवतो का?"

"गेल्या खेपेला अख्खं टेबल भरलं होतं!"

"पत्ता विचारायला थांबले असतील."

"आणि तुमच्या डेपोमागे जेवतात ते ड्रायव्हर. बस सुटायच्या आत पोटात गेलं की झालं त्यांचं."

शेवटी ठरलं, की दोन्हीकडचं तिखट वांगं मागवायचं, डोळे बांधून खायचं आणि ओळखायचं. हरेल त्याने पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. वांगी आली. गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये ती एक मिनिटही ठेवत नसे. सवयीप्रमाणे तिने ती ओट्यावरच दोन सारख्याच स्टीलच्या डब्यांत काढली, झाकणांवर एक आणि दोन अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. दोघांच्या डोळ्यांवर पिल्लूची दुपटी बांधली आणि तेवढ्यात पिल्लूने लंगोट भरला.

"आलेच," म्हणून ती त्याला आत घेऊन गेली. बाहेर दोघे तसेच बसून राहिले.

"पट्टी सरकवू नका, डॉक्टर."

"तुम्हीच नाक वर करून बघताय. मला जाणवतंय."

आत लंगोट बदलता बदलता तिला वाटलं, ते दोघे भांडतायत, पण घरातलं कुणीतरी फार गप्प आहे. पिल्लू तर समोरच होता, पाय झाडत. मग गप्प कोण? सासूबाईंचे शब्द एकदम कानात वाजले. अर्धा लंगोट लोंबणारं पोर काखोटीला मारून ती धावली. खुर्ची रिकामी. पेपर जमिनीवर.

बाबा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते. टकलावर घाम, डोळ्यांत पाणी, नाक लाल.

"बाबा! छातीत दुखतंय का?" ती कशीबशी पुटपुटली.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. समोर दोन्ही डबे चाटूनपुसून लख्ख होते. पिल्लूसाठी उकडून कुस्करलेला भोपळा ते त्यांत चमच्याने सारखा वाटून भरत होते. पार्सलसोबत आलेल्या लाल तेलाच्या पुड्या त्यांनी दातांनी फाडल्या आणि एकेक पुडी एकेका डब्यात पिळली.

"पोरांचा खेळ बिघडायला नको," ते हळूच म्हणाले.

"आणा ना लवकर!" बाहेरून नवरा ओरडला.

दहा दिवसांची ती अर्धी वाटी तिच्या डोळ्यांसमोर आली. मग तिनेच झाकणं लावली आणि डबे बाहेर नेले.

नवऱ्याने एक नंबरचा घास घेतला. "हाच! डेपोमागचा हात! बघा, तिखट कसं मागून चढत येतं!"

दादाने दोन नंबरचा घेतला. "वांगं असं विरघळवायला हुनानी आचारीच लागतो." मग त्याने एक नंबर चाखून तोंड वाकडं केलं. "हे तुमचं ना? अगदीच भोपळा लागतोय."

"भोपळा तुमच्या डब्यात आहे!" दोन नंबर चाखून नवरा तडकला.

आपलं जेवण मामाच्या तोंडात जाताना बघून पिल्लूने भोकाड पसरलं. "बघ," मामा खूश होऊन म्हणाला, "त्यालाही हुनानीच हवंय!"

दोघेही जिंकले होते, त्यामुळे दोघेही खुशीत होते. पट्ट्या सुटेपर्यंत डबे मोरीत पोचले होते.

"बाबा, खरं चांगलं कुठलं होतं?" तिने नंतर हळूच विचारलं.

बाबांनी गंभीरपणे विचार केला. "एकदा खाऊन नाही सांगता यायचं. पुढच्या रविवारी भांडू देत पुन्हा."

संध्याकाळी फोन वाजला. "आज किती खाल्लं?"

ती पहिल्यांदाच खरं बोलली. "दोन डबे, आई."

पलीकडून लगेच पुढचा प्रश्न आला. "तिखट होतं?"

"हो."

"तरी मी म्हटलं होतं! चाळीस वर्षं तिखटाची बरणी जागा बदलून बदलून लपवतेय मी. गप्प झाले की धावत जायचं, ते कशाला? बरणी वाचवायला!"

तिने फ्रिजवरच्या कागदावर बाबांच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोन डबे. खाली दुहेरी रेघ मारली.

आता तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात आत्ता कोण गप्प आहे? पोर असेल तर उठून बघालच. पण रोज अर्ध्या वाटीवर "पुरे" म्हणणारं कुणी खुर्चीत असेल, तर त्यालाही एकदा बघून या. खुर्ची रिकामी दिसली तर घाबरू नका. आधी ओट्याशी बघा, आणि आवाज न करता आत जा.